होळीच्या आत उरकायची कामं : बाल्कनी-गच्चीतल्या बागेची उन्हाळ्यापूर्वीची तयारी

संक्रांत झाली की पहाटेचा गारठा ओसरायला लागतो, दुपारचं ऊन चटकायला लागतं आणि झाडांच्या शेंड्यांवर नवी पालवी दिसू लागते. हा काळ जेमतेम दीड-दोन महिन्यांचा. होळी पेटली की पुढे उन्हाळाच. कुंडी बदलणं, मुळं नि फांद्या छाटणं, उन्हाळी भाज्यांचं बी टोकणं ही सगळी कामं एवढ्या वेळात बसवायची असतात. मुळांना हात लावला की त्यांना पुन्हा स्थिरावायला तीन-चार आठवडे लागतात आणि एप्रिलच्या उन्हात झाडाला तेवढी उसंत मिळत नाही. नव्याने बाग करणाऱ्यांनी या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी चालेल : मुळांची कामं होळीच्या आत, त्यानंतर फक्त राखण.

इंटरनेटवर वसंतातल्या बागकामाचे शेकडो व्हिडिओ सापडतात. त्यातले बरेचसे थंड देशांतले असतात. बर्फ वितळल्यावर काय करायचं, बी घरात खिडकीपाशी कसं रुजवायचं, गुलाब जमिनीलगत कसा छाटायचा, असं त्यात सांगितलेलं असतं. तिथे ते योग्यच आहे. आपल्याकडे गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये होते. फेब्रुवारीत गुलाबाची फक्त वाळलेली काडी नि सुकलेली फुलं काढायची. मार्चच्या तोंडावर जोरात छाटलेला गुलाब कोवळ्या फुटीनिशी थेट उन्हात सापडतो.

वेळापत्रक गावाप्रमाणे थोडं मागेपुढे होईल. इथे पुणे-नाशिक पट्टा धरला आहे. विदर्भ-मराठवाड्यात ऊन लवकर तापतं, तेव्हा कुंड्या बदलण्याचं काम फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत संपवा. मुंबई, कोकण, गोव्यात कडाक्याची थंडी नसतेच, त्यामुळे भेंडी-काकडी जानेवारीतच लावता येते.

आधी ऊन मोजा

खत, माती, कुंड्या यांच्या आधी तुमच्या जागेत ऊन कुठे नि किती वेळ पडतं ते बघा. दोन-तीन दिवस सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता बाल्कनीत डोकावून कागदावर टिपून ठेवा. पण हे आजचं ऊन मेपर्यंत तसंच राहत नाही, आणि नवख्या माणसाचा अंदाज नेमका इथे चुकतो.

डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पुण्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो ७१ अंशांवर चढतो आणि मेच्या मध्याला पुण्या-मुंबईत बरोबर डोक्यावर येतो. वरच्या मजल्याचा स्लॅब तेव्हा सगळं ऊन अडवतो. जानेवारीत दिवसभर उन्हात असलेली दक्षिणेची बाल्कनी एप्रिल-मेमध्ये सावलीत जाते, उजेड मिळतो तो फक्त कठड्यापाशी. उलट उत्तरेची बाल्कनी हिवाळाभर सावलीत असते, पण मे-जूनमध्ये तिथे सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. दक्षिणेच्या बाल्कनीत भेंडी लावायची असेल तर कुंडी आतल्या भिंतीपाशी न ठेवता पहिल्यापासून कठड्याजवळ ठेवा.

पूर्वेची बाल्कनी नवख्यांसाठी सगळ्यांत सोयीची. सकाळचं पाच तासांचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारी आपोआप सावली होते. पश्चिमेला दुपारी दोननंतरचं ऊन पडतं, भिंती तापतात आणि रात्री उशिरापर्यंत ती धग कुंड्यांना लागत राहते. तिथे बोगनवेल, अडेनियम, मोगरा अशी ऊन सोसणारी झाडं ठेवा. फळभाज्यांना रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतंच. तेवढं नसेल तर पुदिना, अळू, पानांचा ओवा लावा. भेंडीचा हट्ट धरलात तर झाड उंच नि किडकिडीत होईल आणि शेंगा मोजक्याच धरतील.

हंगामी फुलझाडांना निरोप द्या

प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं, नर्सऱ्याही त्या दिवसांत रंगांनी भरलेल्या असतात. पिटुनिया, डायन्थस, पॅन्सी अशी भरगच्च फुललेली रोपं घरी येतात आणि मार्चमध्ये पिवळी पडून वाळतात. आपल्या हाताला गुण नाही असं वाटून बरेच जण तिथेच बागकाम सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. ही झाडं थंडीपुरतीच असतात. आपल्याकडचं ऊन वाढलं की त्यांचा काळ संपतो, कितीही खत-पाणी घाला. त्यांची माती मोकळी करा, दोन दिवस उन्हात पसरा आणि पुढच्या लागवडीला वापरा.

शेवंतीचं मात्र असं करू नका. फुलं संपली की झाड जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटा. बुडातून नवे फुटवे येतील. त्यांना अर्धसावलीत उन्हाळाभर सांभाळलं की पावसाळ्याच्या तोंडावर ते वेगळे करून लावता येतात. एका कुंडीच्या चार-पाच कुंड्या होतात.

कुंडी बदलणं

सगळ्याच झाडांची कुंडी दरवर्षी बदलावी लागत नाही. पाणी घातल्याबरोबर तळातून निघून जातं, छिद्रांतून मुळं डोकावतात, माती कडक होऊन कडेपासून सुटली आहे, किंवा झाड वर्षभर जागचं हललेलं नाही, यातलं काही दिसलं तरच बदला. कळ्यांनी किंवा मोहोरानं भरलेल्या झाडाला आत्ता हात लावू नका. लिंबाला जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार येतो. त्या वेळी मुळं हलवली तर फुलं नि छोटी फळं गळून पडतात. अशा झाडाची वरची दोन इंच माती काढून तिथे गांडूळखत भरा, तेवढं पुरे.

माती आदल्या आठवड्यातच तयार ठेवा. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि बारा इंची कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट पाण्यात भिजवून, एक-दोनदा पाणी बदलून, पिळून घ्या, कारण त्यात क्षार असू शकतात. घरी काळी माती असेल तर तिचं प्रमाण निम्म्यावर आणा आणि भाताचं तूस किंवा जाडसर वाळू मिसळा. ओलं मिश्रण मुठीत आवळून बघा. गोळा व्हायला हवा, पण बोटाने टोचल्यावर तो सहज फुटायला हवा. चिकट राहिला तर आणखी तूस घाला. शेणखताला शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे. ते कुंडीत तापतं आणि त्यातून मुळं खाणारी हुमणी अळीही येते. शेंगदाणा पेंड या दिवसांत मुळांजवळ घालूच नका, सडताना तीही तापते.

आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी द्या, म्हणजे मातीचा गोळा अखंड निघतो. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर काम करा. कुंडी आडवी करून कडांवर तळहाताने थोपटा, खोडाला बुडाशी धरून अलगद ओढा. निघत नसेल तर जुनी सुरी कुंडीच्या कडेने आतून फिरवा. गोळा बाहेर आला की नीट बघा, वर्षभर झाड का रुसलं होतं ते तिथे कळतं. जिवंत मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी नि लवचिक असतं. कुजलेलं मूळ काळं पडतं, बोटांनी ओढलं की साल सुटून हातात येते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. अशी मुळं जास्त असतील तर पाणी जास्त होत होतं किंवा छिद्र बुजलं होतं. कधी मातीत पांढरट, तपकिरी डोक्याची, अर्धगोल वळलेली जाड अळी सापडते. तीच हुमणी. ती मुळं खाते, तेव्हा सगळी माती चाळून अळ्या वेचून काढा आणि ती माती पुन्हा वापरू नका.

गोळ्याभोवती गोल-गोल फिरलेली मुळं कात्रीने कापा. कडेची नि तळाची एकेक इंच माती-मुळं काढली तरी झाड सोसतं. तेवढ्याच प्रमाणात वरच्या फांद्याही छाटा, नाहीतर कमी झालेल्या मुळांना सगळ्या पानांचं पाणी पुरवता येत नाही. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंचच मोठी घ्या. एकदम मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओली राहून आंबते. छिद्रावर खापरीचा एक बाकदार तुकडा पालथा ठेवा. खडीचा जाड थर देऊ नका. त्याने पाणी लवकर निघत नाही, उलट मुळांची जागा कमी होते. झाड पूर्वी जितकं मातीत होतं तितकंच ठेवा, खोड जास्त पुरू नका, आणि वर दीड इंच जागा पाण्यासाठी सोडा.

मग तळातून निघेपर्यंत एकदा पाणी द्या आणि कुंडी आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. पहिले दोन-तीन दिवस पानं मलूल दिसतील. घाबरून रोज पाणी ओतू नका, माती वरून सुकली असेल तरच द्या. खत तीन आठवड्यांनंतर.

गच्चीवरच्यांसाठी एक सूचना : ओल्या मातीची मोठी कुंडी २५-३० किलोंच्या पुढे सहज जाते. जड कुंड्या मधोमध न ठेवता खालच्या भिंती नि तुळयांच्या रेषेत ठेवा. खाली विटा द्या, म्हणजे पाणी साचणार नाही आणि गळतीही वेळेत दिसेल.

छाटणी झाडागणिक

मोगऱ्याची छाटणी या दिवसांतलं सगळ्यांत फळ देणारं काम, कारण मोगऱ्याला फूल नव्या फुटीवरच येतं. जानेवारीच्या शेवटी आठ-दहा दिवस पाणी कमी करा. मग सगळ्या फांद्या साधारण फूट-दीड फुटावर कापा, वाळक्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या बुडातून काढा, उरलेली पानंही खुडून टाका. झाड उघडंबोडकं दिसेल, दिसू द्या. माती हलकेच उकरून दोन मुठी शेणखत घाला, पाणी सुरू करा आणि कुंडी घरातल्या सगळ्यांत उन्हाच्या जागी ठेवा. सव्वा-दीड महिन्यात कळ्या लागतात. प्रत्येक बहार ओसरला की शेंड्यांची दोन-तीन इंच छाटणी केली तर पावसाळ्यापर्यंत बहार येत राहतो. मोगरा फुलत नाही अशी तक्रार असते तिथे बहुतेक वेळा ऊन कमी पडत असतं किंवा छाटणी राहिलेली असते.

जास्वंद एक तृतीयांश छाटा, बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट निघते त्या गाठीच्या) वर तिरपा काप घ्या. कढीपत्ता थंडीत पानं टाकतो आणि लोक तो मेला समजतात. नखाने साल खरवडा, आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. शेंडे खुडा, खत घाला, मार्चमध्ये तो पानांनी भरतो. तुळशीच्या मंजिऱ्या काढा, त्यातल्याच बिया कुंडीत भुरभुरा, म्हणजे जुनी तुळस जाण्याआधी नवी तयार असते.

अडेनियम थंडीभर विसावलेलं असतं. ते ऊन मागणारं झाड असल्याने मार्चमध्येही त्याची कुंडी बदलता येते. मात्र छाटलेली मुळं चार-पाच दिवस सावलीत सुकवूनच लावा आणि लावल्यावर आठवडाभर पाणी देऊ नका. बोगनवेलीला आत्ता कात्री लावू नका. तिचा बहार आता सुरू होतो, आणि पाणी थोडं ओढून दिलं तर रंग जास्त भरतो.

उन्हाळी भाज्या : भेंडी आणि एक वेल

पहिल्या वर्षी दोनच भाज्या घ्या, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. भेंडी आणि काकडी किंवा दोडका. टोमॅटोचा मोह आवरा. पारा ३५ अंशांच्या पुढे गेला की टोमॅटोची फुलं गळतात. तो जूननंतर लावा.

भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवा. बारा इंची कुंडीत मधोमध तीन बिया, अर्धा-पाऊण इंच खोल टोका. भेंडीचं मूळ सरळ खाली जातं, म्हणून ट्रेमध्ये रोप करून हलवण्यापेक्षा थेट टोकणी बरी. पाच-सात दिवसांत उगवतात. चार पानांवर आली की सगळ्यांत जोमदार एक ठेवून बाकीची मुळाशी कापा. उपटू नका, शेजारच्याची मुळं दुखावतात. चौघांच्या घराला एक वेळची भाजी हवी तर आठ-दहा कुंड्या लागतील. फेब्रुवारीच्या मध्याला टोकलेली भेंडी ४५-५० दिवसांत, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला तोडणीला येते. मग एक दिवसाआड तोडा. दोन दिवस विसरलात तर शेंग निबर होते आणि पुढच्या फुलांचा वेगही मंदावतो.

भेंडीचा मोठा शत्रू केवडा रोग. पानाच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसते, शेंगाही पिवळट येतात. हा विषाणू पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि त्यावर औषध नाही. असं झाड दिसल्याबरोबर उपटून टाका. त्यासाठीच बियाणं बघून घ्यावं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी क्रांती’ वाण या रोगाला दाद न देण्यासाठीच ओळखलं गेलं. कुठलंही पाकीट घेताना त्यावरची तारीख बघा, जुनं बी अर्धंमुर्धंच उगवतं.

वेलाला कुंडी मोठी लागते, पंधरा-अठरा इंची किंवा वीस लिटरची बादली. एका कुंडीत एकच वेल ठेवा. पहिल्याच आठवड्यात सुतळीचा ताणा बांधा, वेल तीन फूट झाल्यावर शोधाशोध करू नका. वेलावर आधी नर फुलं येतात आणि गळून जातात, ते स्वाभाविकच आहे. पुढे मादी फुलं येतात. त्यांच्या पाठीशी देठावर बोटाच्या पेराएवढं इवलंसं फळ दिसतं. उंच मजल्यांवर मधमाश्या फारशा पोचत नाहीत, आणि मग हे फळ पिवळं पडून गळतं. अशा वेळी ताजं उमललेलं नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि त्यातला पिवळा पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. काकडी, कारलं, घोसाळं यांची फुलं सकाळी उमलतात, तेव्हा हे काम नऊच्या आत करा. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, त्यांच्यासाठी दिवेलागणीची वेळ. नोकरीवाल्यांना म्हणून दोडका सोयीचा पडतो, ऑफिसातून आल्यावर हात लावता येतो.

पालेभाजी हवी तर माठ आणि राजगिरा. पसरट कुंडीत बी विस्कटून वर मातीचा पातळ थर द्या, महिन्याभरात कोवळी भाजी मिळते. कोथिंबीर करायची असेल तर धणे रगडून दोन भाग करा आणि कुंडी दुपारच्या सावलीत ठेवा.

कीड लवकर पकडा

नवी पालवी आली की मागोमाग मावा येतो. रोज पाणी घालताना दोन-चार पानं उलटी करून बघायची सवय लावा. कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे ठिपके हलताना दिसले तर तो मावा, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने निम्मा जातो. जास्वंदीच्या फांदीच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने तो घासून काढा. झाडावर मुंग्यांची रांग असेल तर ती आधी तोडा, कारण मुंग्या त्याला राखतात आणि फांदीफांदीवर पसरवतात. मिरचीची पानं वर वळून आक्रसली तर तो बोकड्या रोग. फार झालं असेल तर ते झाड काढा.

फवारणीला एक लिटर कोमट पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन-तीन थेंब द्रव साबण पुरतो. आधी साबण नि तेल एकत्र घोळा, मग पाणी घाला. फवारणी संध्याकाळीच करा, पानांच्या खालच्या बाजूला करा आणि आठवड्याने पुन्हा करा. दुपारच्या उन्हात फवारलंत तर पानं भाजतील. मार्चअखेर हवा कोरडी झाली की पानांखाली बारीक जाळी नि लालसर ठिपके दिसतील. तो लाल कोळी, त्याला ओलावा सोसत नाही. रोज सकाळी पानांच्या खालून पाणी मारा.

पाचोळा गोळा करा

फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्षावृक्ष, शिरीष, पिंपळ यांची पानगळ होते आणि रस्त्याकडेला पाचोळ्याचे ढीग लागतात. तो पेटवून दिलेला बघून जीव तुटतो, कारण बागेसाठी याहून चांगलं फुकटचं काही मिळत नाही. सोसायटीच्या झाडणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवा, दोन-तीन पोती भरून घ्या, प्लास्टिक वेचून टाका. कुंडीतल्या मातीवर दोन इंचांचा थर द्या, फक्त खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी ठेवा. त्याने मातीतला ओलावा टिकतो आणि वरची मुळं तापत नाहीत. उरलेला पाचोळा छिद्रं पाडलेल्या ड्रममध्ये थरांनी भरा, प्रत्येक थरावर थोडं ताक किंवा शेणाचा काला शिंपडा, ओलसर ठेवा. जूनमधल्या लागवडीला खत तयार होतं.

होळीनंतर

आता फक्त पाणी आणि सावली. पाणी सकाळी आठच्या आत. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली तर आज पाणी नको. मातीच्या कुंड्या लवकर सुकतात, प्लास्टिकच्या उशिरा. काळ्या ग्रो बॅग उन्हात तापतात, त्यांना बाहेरून पोतं गुंडाळा. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा, लहान कुंड्या मोठ्यांच्या सावलीत.

हिरवी जाळी मार्चच्या शेवटी बांधा, पन्नास टक्के सावलीची. फार आधी बांधलीत तर भेंडी-काकडीची वाढ लांबट होते. जाळी झाडांपासून दोन-तीन फूट उंच हवी आणि बाजू मोकळ्या हव्यात, नाहीतर आत उकाडा कोंडतो. मोगरा, बोगनवेल नि अडेनियमला जाळीची गरज नाही.

मेमध्ये गावी जाणार असाल तर त्याचा हिशेब आत्ताच करा. एप्रिलअखेर संपणारी भेंडी चालेल, पण मार्चमध्ये वेल लावू नका, त्याला ऐन फळांच्या वेळी पाणी मिळणार नाही. मोठ्या कुंड्यांत लहानसं न रंगवलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा आणि तोंडावर झाकणी ठेवा. पाणी हळूहळू झिरपत राहतं. जाण्याआधी आठवडाभर हा प्रयोग घरी असतानाच करा आणि मडकं किती दिवसांत रिकामं होतं ते बघा. तेवढ्या दिवसांनी ते भरायला यायला शेजाऱ्यांना सांगून ठेवा, आणि भरायचं कसं ते एकदा प्रत्यक्ष दाखवा.